तेरोयचे तीन दगड

पडदा वर जातो. मागे ओहोटीचं निळं पाणी, कुणी नुकतंच रंगवून सुकायला ठेवल्यासारखं. डाव्या अंगाला मासे विकत घेणाऱ्या नांग कोन्चिंगची पत्र्याची शेड, तिच्यात माशांच्या काचेच्या टाक्या. उजवीकडे वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या, दोन्ही बाजूंना बांबूचे पंख पसरलेल्या. मधोमध पाण्यात एकच होडी. तिच्यात एक कॉम्प्रेसर खडखडतो आहे. हा पूर्वी सेबू शहरातल्या एका गॅरेजात ट्रकच्या चाकांत हवा भरायचा. त्याच्यातून निघालेली पिवळी नळी पाण्यात नाहीशी झाली आहे. होडीतली बाई एक हात नळीवर ठेवून दुसऱ्या हातानं शेंगदाणे खाते आहे. ही बास्यांग. आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला, दोन पुरुष खोल, नळी दातांत धरून तिचा नवरा वाळूवर पालथा पडला आहे. हलत नाही.

"मेला की काय गं तुझा?" किनाऱ्यावरून कुणीतरी विचारतं.

"मेला असता तर नळीतून हवा ओढायचा थांबला असता," बास्यांग म्हणते. "बघतोय."

"काय बघतोय?"

"मला सांगितलं असतं तर मी इथं उन्हात बसले असते का?"

तो पालथा पडलेला माणूस म्हणजे तेरोय. पाळण्यातलं नाव एलेउतेरियो आमोद्या, पण त्या नावानं त्याला फक्त पाद्रीबाबांनी हाक मारली, तीही बाप्तिस्म्याच्या वेळी.

मी तेरोयला पहिल्यांदा नीट पाहिलं ते रंगमंचावर, मेलेला. आमच्या पुन्ता गावात सान व्हिसेन्तेच्या जत्रेला लिनांबाय व्हायचा. दोन राजे, दोन फौजा, लाकडी तलवारी, पद्यातली भाषणं आणि प्रत्येक वाराला बँडचा ठेका. मी सम्राट असायचो. तेरोय माझ्या फौजेतला, पहिल्याच लढाईत पडणारा शिपाई. हे काम त्याला त्याच्या डाव्या पायामुळे मिळालं. तरुणपणी तो दूरच्या पालावान बेटाकडच्या होड्यांवर बुड्या मारायचा. एकदा फार खोल पाण्यातून फार घाईनं वर आला आणि तेव्हापासून तो पाय अर्धा झोपलेलाच राहिला. फार वेळ उभं राहवायचं नाही. मेलेल्याला उभं राहावं लागत नाही, म्हणून आम्ही त्याला मारला.

पण प्रेत म्हणून तो अवघड होता. शरीर असं निपचित, की पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या क्रूस काढायच्या. आणि ओठ न हलवता प्रश्न मात्र चालू.

"राजे, राजकन्येला माहीत आहे का, की तुम्ही वेश बदलून आलात?"

मी पद्य म्हणतोय, बँड वाजतोय, आणि खालून हे.

"राजे, ती रडते तेव्हा खरंच पाणी येतं का? मला इथून दिसत नाही."

एकदा मी त्याला तलवारीच्या टोकानं हळूच टोचलं. प्रेतानं विचारलं, "हे पद्यात आहे?"

जत्रा संपली की प्रेत उठून समुद्रात जायचं. आमच्या गावाचा धंदा माशांचा, पण खायच्या नव्हे, बघायच्या. दूरदेशी लोक काचेच्या पेटीत समुद्र भरून दिवाणखान्यात ठेवतात, त्यासाठी. हे मासे धरायची सगळ्यांची रीत एकच होती. सायनाइडच्या पांढऱ्या गोळ्या पाण्यात विरघळवून मऊ बाटलीत भरायच्या आणि खाली जायचं. मासा घाबरून प्रवाळाच्या भेगेत शिरला की भेगेत बाटली दाबायची. दुधासारखा ढग निघतो, मासा कलंडतो, हातानं उचलून घ्यायचा. ताज्या पाण्यात ठेवला की शुद्धीवर येतो. पुढं विमानात काय होतं, पेटीत किती दिवस पोहतो, ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलं नव्हतं.

आणि बाटली दाबण्याआधी प्रत्येकजण मनात 'ताबी' म्हणायचा. आमच्याकडे जुनं झाड, वारूळ, एकटा मोठा दगड या कुणाच्या तरी राहत्या जागा असतात. जे आपल्यासारखे नाहीत, त्यांच्या. त्यांच्या दारावरून जाताना 'ताबी' म्हणायचं, म्हणजे 'वाट द्या, राग मानू नका'. पाण्याखालचे प्रवाळाचे मोठे दगड तर त्यांची घरंच. विष घालताना माफी मागायची. माफी मागितली की झालं, असं आमचं सगळ्यांचं गणित.

मग दगड पांढरे पडायला लागले. ज्यांच्यावर जांभळं, पिवळं, हिरवं जिवंत प्रवाळ होतं ते एकेक करून हाडासारखे पांढरे. गावात चर्चा झाली. त्याचा उलगडा केला गोर्योनं. गोर्यो बास्यांगचा धाकटा भाऊ, रुंद छातीचा, बाटलीच्या कामात गावात पहिला. तेरोयला तो 'बायाव' म्हणायचा. आमच्यात मेहुण्याला मेहुणा तेच म्हणतो.

"आपण जत्रेआधी घराला चुना काढतो की नाही?" गोर्यो म्हणाला. "मग त्यांना जत्रा नसते? त्यांनीही काढलाय."

गावाला हे पटलं. मलाही पटलं, चांगलं वाक्य होतं. माडीचा पेला हातोहात फिरत होता. तो तेरोयपाशी आला, त्यानं तो पुढं दिला नाही.

"बायाव," तो म्हणाला, "मग आपण ज्यांना ताबी म्हणतो, तेवढेच चुना का काढतात?"

"पेला पुढं दे."

"देतो. पण का?"

"कारण आपण सांगून जातो. पाहुणे येणार म्हटल्यावर घर रंगवतात माणसं."

सगळे हसले. तेरोयही हसला, पण पेला द्यायचा विसरला.

दुसऱ्या दिवशी त्यानं दोन दगड निवडले, एकाच आकाराचे. पहिल्यापाशी जाऊन तो ताबी म्हणाला आणि बाटली न दाबता परत आला. दुसऱ्यावर ताबी न म्हणता बाटली दाबली. तो वर आला. बास्यांगनं त्याला कोरडा टॉवेल दिला आणि शेजाऱ्यांकडून आल्याचा तुकडा आणून त्याच्या कमरेला बांधला. ज्यांना चिडवलं त्यांनी काही करू नये म्हणून.

काही दिवस गेले. पहिला दगड होता तसाच राहिला. दुसरा पांढरा पडला. तेरोय गोर्योकडे गेला, चेहऱ्यावर नव्या बुटांचा आनंद.

गोर्योनं ऐकून घेतलं. "म्हणजे ज्याला नमस्कार केलास तो खूश," तो म्हणाला, "आणि ज्याच्या घरात न सांगता घुसलास तो रागावला. यात नवीन काय सांगितलंस, बायाव? हे माझी आजीसुद्धा सांगायची."

तेरोय तिथून उठला. मग माझ्याकडे येऊन म्हणाला, "राजे, माझं चुकलं. मी एका वेळी दोन गोष्टी बदलल्या."

म्हणून तिसरा दगड. हा सगळ्यात देखणा होता. कडांना जांभळी झालर, आत शिरायला पुढं एक रुंद भगदाड आणि मागं एक अरुंद. त्याच्यासाठी बास्यांगनं केळीच्या पानात भात बांधून दिला, उकडलेलं अंडं, एक सिगरेट आणि बाटलीत थोडी माडी. तेरोयनं हे सगळं त्या दगडाच्या वर, होडीतून पाण्यात सोडलं. मोठ्यानं ताबी म्हटलं. खाली गेल्यावर मनात पुन्हा म्हटलं. मग बाटली दाबली.

तिसरा दगड दुसऱ्यापेक्षा लवकर पांढरा झाला.

या वेळी तो गोर्योकडे गेला नाही. माझ्या ओट्यावर आला, पाय पसरून बसला. "राजे," तो म्हणाला, "मी त्याला जेवू घातलं आणि मग मारलं."

त्यानंतर त्यानं बाटली हातात घेतली नाही. हे सांगायला सोपं आहे. करायला असं, की ज्याला दुसरा धंदा येत नाही आणि एक पाय झोपलेला आहे, त्यानं घरी बसायचं.

गावासमोर समुद्रात, हाकेच्या अंतरावर, सिंबाहान नावाचा दगड आहे. चर्चसारखा दिसतो म्हणून हे नाव. जवळपासच्या मोठ्या दगडांतला तेवढा एकच अजून रंगात होता. तिथं राहणारे फार कडक, म्हणून बाटलीवालेही तिकडं फिरकत नसत. पाणी उथळ, तेरोयच्या पायाला झेपेल अशी तेवढीच जागा. आणि त्या वर्षी नांग कोन्चिंगला कुणीतरी सम्राट मागितला. सम्राट म्हणजे निळ्या अंगावर पिवळ्या रेघा ओढलेला, डोळ्यांवर काळा पट्टा बांधलेला मासा. बाकी सगळीकडचे संपले होते. सिंबाहानमध्ये एक जोडी होती.

"जत्रा झाली की मी जातो सिंबाहानवर," गोर्यो शेडमध्ये म्हणाला. "मोठं पान ठेवू, डुकराचं भाजलेलं डोकं ठेवू. मानतील."

"सिंबाहान पांढरा झाला तर मी कुठं काम करू?" तेरोयनं विचारलं.

"पालावानच्या होड्या आहेत की."

हे ऐकून बास्यांग टाक्या पुसता पुसता थांबली. "पालावानहून मला अर्धा नवरा परत आला, तेव्हा मी काही बोलले नाही," ती भावाला म्हणाली. "पाव नवरा मला नकोय."

"मी सम्राट जाळ्यानं धरतो," तेरोय म्हणाला. "जत्रेपर्यंत. धरला, तर सिंबाहानवर बाटली कधीच जाणार नाही."

"आणि नाही धरलास, तर?"

"तर तू म्हणशील ते."

"तर माझ्या आधी तू खाली जायचं," गोर्यो म्हणाला, "आणि माझ्या वतीनं ताबी म्हणायचं. तुला ते छान जमतं."

नांग कोन्चिंग टाकीतल्या माशांना दाणे टाकत होती. तिनं मान वर केली नाही. "मला सम्राट हवाय," ती म्हणाली. "बाटलीतून येवो नाहीतर स्वर्गातून."

जाळं कुठून आणायचं हा पहिला प्रश्न. खायच्या माशांच्या जाळ्यात लहान मासे कल्ले अडकून फाटत. तेरोयनं गावातली प्रत्येक जाळी, मच्छरदाणी, पडदा हातात धरून उजेडात बघितला. शेवटी तो माझ्या घरी आला आणि वर माळ्याकडे बघत राहिला.

"राजे, ढग अजून आहे?"

ढग म्हणजे आमच्या शेवटच्या प्रवेशातला विरविरीत जाळीचा लांब पडदा. पुढून दिवा लावला की प्रेक्षकांना तो दिसायचा, मागून लावला की तो नाहीसा होऊन देवदूत दिसायचा. आमच्या गावात सिनेमाची गाडी यायला लागल्यापासून आमच्या देवदूताला कुणी विचारत नव्हतं. मी ढग काढून दिला. तेरोयनं तो तोंडासमोर धरला, आरपार माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "म्हणजे कुठला दिवा लागलाय त्यावर आहे सगळं."

पांढरा ढग पाण्यात भुतासारखा दिसायचा. मग बास्यांगनं तो माडीला लाल रंग देणाऱ्या खारफुटीच्या सालीत उकळला. तो तपकिरी झाला, दगडाच्या रंगाचा. वरच्या काठाला जुन्या चपलांचे तुकडे, तरंगण्यासाठी. खालच्या काठाला शिसं. घराला महिनाभर माडीचा वास येत होता आणि शेजारी विनाकारण चौकशीला येत होते.

आणि तरी सम्राट सापडेना. तेरोय सिंबाहानसमोर मोकळ्या पाण्यात ढग उभा करायचा आणि काठीनं भेगेत ढोसून माशाला बाहेर काढायला बघायचा. सम्राट आणखी आत जायचा आणि आतून ठोका द्यायचा. हा मासा खरंच ठोका देतो. दारावर बोटानं वाजवल्यासारखा, टक, टक.

"आतून कडी लावून घेतलीये त्यानं," गोर्यो म्हणायचा. "आणि तुला विचारतोय, कोण आहे?"

जत्रा जवळ आली तसं तेरोयनं काठी टाकली आणि तो नुसता जाऊन पडून राहू लागला. मी सुरुवातीला दाखवलं ते तेव्हाचं दृश्य. सकाळी खाली जायचं, वाळूवर पालथं पडायचं आणि मरायचं. लिनांबायमध्ये शिकलेली एकमेव विद्या. बास्यांग वर नळी धरून बसायची.

एक दिवस तो वर आला आणि अंग न पुसता थेट माझ्याकडे आला. "राजे, तो मला बघायला येतो."

"कोण?"

"सम्राट. मी हललो नाही ना, की तो बाहेर येतो. इथं, इतक्या जवळ. एका डोळ्यानं बघतो, मग वळून दुसऱ्या डोळ्यानं. त्यालाही कळत नाही मी काय आहे ते."

"मग धर की."

"थांबा. ऐका तर. सिंबाहानलाही दोन दारं आहेत, तिसऱ्या दगडासारखीच. तो सकाळी पुढच्या रुंद दारानं फिरायला निघतो. पण घाबरला की मागच्या अरुंद दारानं घरात जातो. रोज. मी बोट हलवून बघितलं. आपण आयुष्यभर त्याला घरात पळवून मग विष देत होतो, म्हणून मीही जाळं घेऊन दारात भांडत बसलो. घरात असलेल्याला कोण बाहेर काढणार? घाबरला की तो घरीच जातो, राजे. तो बाहेर असतानाच जाळं मागच्या दारात हवं."

सान व्हिसेन्तेची सकाळ. होड्यांना ताडाच्या झावळ्या आणि कागदी फुलं. पुढच्या होडीत संताची मूर्ती, ती धरायचा मान त्या वर्षी गोर्योचा. इस्त्रीचा पांढरा सदरा, केसांना तेल. मी नाटकातला राजा म्हणून त्याच होडीत. मागून बँड. मिरवणूक वळसा घेऊन सिंबाहानपाशी आली आणि वाटेत बास्यांगची होडी, कॉम्प्रेसर खडखडतोय, बाई नळी धरून बसलेली.

"ताई, बाजूला घे," गोर्यो म्हणाला. "संत येतोय."

"संताला सांग, माझा माणूस खाली आहे."

बँड थांबला. सगळ्या होड्या थांबल्या. अख्खं गाव एका पिवळ्या नळीकडे बघत बसलं. मी आयुष्यभर प्रेक्षक पाहिले आहेत. इतके गप्प प्रेक्षक माझ्या वाट्याला कधी आले नाहीत. मला आठवतं, बास्यांगच्या हातातले शेंगदाणे तसेच राहिले होते. सिंबाहान गेला तर तिचा नवरा जाणार होता, आणि ती ते पाण्याकडे न बघता नळीच्या धडधडीत वाचत होती.

नळीला दोन झटके बसले. तिनं ओढायला घेतलं.

आधी ढगाचा तपकिरी काठ वर आला, मग तेरोयचं डोकं. दोन्ही हातांच्या ओंजळीत ढगाची घडी, आणि घडीत सम्राट. एकही खवला हललेला नव्हता. निळा, पिवळा, डोळ्यांवर पट्टा, आणि संतापलेला. बादलीत सोडल्यावर त्यानं आतून ठोका दिला. टक.

गोर्यो संताला धरून वाकला. बराच वेळ बादलीत बघत राहिला.

"मागच्या दारानंच येणार, हे तुला कसं कळलं?"

"खाली चल, दाखवतो. दुसरा आहे अजून."

"संत हातात आहे माझ्या."

"दे इकडं," मी म्हणालो. "मी राजा आहे, मला चालतं."

गोर्योनं संत माझ्या मांडीवर ठेवला, इस्त्रीचा सदरा काढून त्याची नीट घडी केली आणि उतरला. बास्यांगनं त्याला दुसरी नळी दिली. दोघं मेहुणे खाली जाऊन पडले. बँडवाल्यांनी केळीची भजी काढून खाल्ली. गोर्यो वर आला तेव्हा होडीच्या काठाला धरून तसाच पाण्यात राहिला.

"त्यानं माझ्याकडे बघितलं," तो म्हणाला. "मला आजवर एकाही माशानं बघितलं नव्हतं. मी बघायचो तेव्हा त्यांचे डोळे फिरलेले असायचे."

गोर्योनं शब्द पाळला. सिंबाहानवर बाटली गेली नाही. पण दुसरीकडे तो आणखी काही काळ बाटली न्यायचा. माणूस एका सकाळीत बदलतो ते फक्त आमच्या नाटकात. त्याला बदललं नांग कोन्चिंगच्या टाक्यांनी. जाळ्यातला सम्राट तिथं दाणे खात, काचेवर ठोके देत राहिला, शेजारच्या टाकीतले बाटलीचे मासे एकेक करून पोट वर करत राहिले. ती बाई भावनेच्या आहारी जाणारी नव्हती. एक दिवस म्हणाली, "यापुढं ओला ढग दाखवल्याशिवाय मासा घेणार नाही." माझा ढग कापून सहा जणांत वाटला गेला. पुढं शहरातून खरी जाळी आली, पण गावात अजून जाळ्याला ढगच म्हणतात. शिकायला येणाऱ्याला तेरोय आधी वाळूवर पालथा पाडायचा. "अगोदर मरायला शीक," म्हणायचा. "मग बघू." दुसऱ्या बेटांवरून अजूनही बाटल्या घेऊन होड्या येतात. गोर्यो त्यांच्याशी भांडायला जातो. ताबी मात्र आम्ही सगळे अजून म्हणतो.

तेरोयला एकच गोष्ट सोडत नव्हती: तिसरा दगड. दरवर्षी जत्रेनंतर तो तिथं जाऊन यायचा. काही नसायचं; पांढऱ्याचं करडं झालं, करड्यावर शेवाळ. खाली जाणं बंद झालं तेव्हा तो गोर्योला पाठवायचा. गोर्यो येऊन मान हलवायचा.

गेल्या वर्षी तो अंथरुणाला खिळला. पायानं नव्हे, छातीनं. मी त्याच्या उशाशी बसायचो, जुनी पद्यं म्हणायचो. मेलेल्या शिपायाला आता सगळा प्रवेश ऐकायला मिळत होता. एका दुपारी गोर्यो ओल्या अंगानं आत आला. तोही म्हाताराच झालाय. खाटेपाशी उकिडवा बसला.

"बायाव," तो म्हणाला. "आहे. नखाएवढं. जांभळं."

तेरोय डोळे मिटून होता. बास्यांगनं त्याचा हात धरला होता, नळी धरायची तसा. इतका निपचित, की मला वाटलं, यानं या वेळी खरंच काम केलं. मग ओठ न हलवता, माझ्या सवयीच्या त्या आवाजात, त्यानं विचारलं. गोर्यो पुन्हा खाली जाऊन बघून येईपर्यंत तो थांबला नाही, म्हणून त्याचं शेवटचं वाक्य तेच, आणि मी ते बदलणार नाही:

"पुढच्या दाराच्या बाजूला, की मागच्या?"